घरांतील अदृश्य किरण आणि लोकांचें भय



माझे हे शब्द ज्या बिनतारी लहरींवरून आपणांपर्यंत येत आहेत, त्या लहरी ह्या क्षणीं आपल्या घराच्या भिंतींतून आणि आपल्या अंगावरून वाहत आहेत. आपण रेडिओची कळ फिरवा अथवा न फिरवा, त्यांचें येणें थांबत नाहीं. मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, तेव्हांपासून इकडचा मनुष्य ह्या लहरींत वावरत आला आहे. पुढें त्यांत दूरचित्रवाणीची भर पडली, स्वयंपाकघरांत मायक्रोवेव्हची भट्टी आली, खिशांत मोबाइल आला आणि भिंतीवर वायफायची लहानशी पेटी बसली. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर एक जुनाच प्रश्न घरांत शिरला. जें डोळ्यांना दिसत नाहीं, कानांना ऐकूं येत नाहीं, तें आपल्या मुलाबाळांना अपाय तर करीत नसेल ना?

हा प्रश्न विचारणारास अडाणी म्हणून हसण्याची रीत शिकलेल्या लोकांत आहे. ती मला योग्य वाटत नाहीं. कारण ह्या भयाचा इतिहास पाहिला म्हणजे दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, लोकांनीं ज्या किरणांचें आनंदानें स्वागत केलें त्यांनींच अनेकांचे प्राण घेतले, आणि ज्यांची मोठी धास्ती घेतली त्यांच्यापासून अपाय झाल्याचें बहुधा सिद्ध झालें नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, हें भय जेथें शमलें तेथें तें कोणीं मोठ्या माणसानें आश्वासन दिल्यामुळें शमलें नाहीं. कोणीं तरी उघडपणें मोजून दाखविलें, म्हणून शमलें. ह्या दोन गोष्टी कशा घडल्या, तें आज आपण पाहूं.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कारण पुष्कळशा घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे. १८८८ च्या सुमारास जर्मनींतील कार्ल्सरूह येथें हाइन्रिख हर्ट्झ यांनीं विद्युच्चुंबकीय लहरी प्रयोगानें सिद्ध केल्या. बिनतारी विद्येचा पाया तो हाच. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं वुर्ट्झबुर्ग येथें विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सांपडले. त्याच सुमारास कलकत्त्यांत जगदीशचंद्र बोस यांनीं अत्यंत आंखूड बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून दुसऱ्या खोलींत घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. १८९८ सालीं पॅरिसमध्यें क्यूरी दंपतीनें रेडियमचा शोध लावला. इतक्या थोड्या अवधींत इतके शोध लागल्यामुळें सामान्य मनुष्याच्या मनांत 'किरण' ह्या एकाच शब्दाखालीं सर्वांची गर्दी झाली, आणि ती अद्याप मोडलेली नाहीं.

वस्तुतः ह्यांत दोन अगदीं निराळ्या जाती आहेत. प्रकाश, बिनतारी लहरी आणि क्ष-किरण ह्या सर्वांतून ऊर्जा येते ती जणूं लहान लहान पुड्यांनीं येते. क्ष-किरणांतील एकेक पुडी इतकी जोरकस असते कीं, ती अणूंतील इलेक्ट्रॉन उखडून टाकूं शकते, आणि त्यामुळें शरीराच्या पेशींतील नाजूक रचना मोडूं शकते. ह्या मोडतोडीस साधारणपणें १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. दिव्याच्या उजेडाची पुडी दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टची असते. आणि वायफायच्या लहरीची पुडी एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारें लक्षांशाएवढी, म्हणजे मोडतोडीस लागणाऱ्या ऊर्जेहून दहा लक्ष पटींनीं दुबळी. कापसाचे कितीहि बोळे फेकले तरी खिडकीची कांच फुटत नाहीं. दगड मात्र एकच पुरतो. बिनतारी लहरींचा मारा फार जोराचा असेल तर पदार्थ तापतो, हा त्यांचा निःसंशय सिद्ध झालेला परिणाम होय. तापणें ही गोष्टहि क्षुल्लक नव्हे. परंतु ती मोजतां येते, आणि तिला मर्यादा घालतां येते.

आतां इतिहासाकडे वळूं. ह्या दोन जातींपैकीं जी खरोखर घातक, तिचें लोकांनीं कसें स्वागत केलें पहा. रेडियम अंधारांत प्रकाशमान वस्तु घडवितें आणि कर्करोगाच्या गांठी जाळतें, एवढें कळतांच तें सर्व रोगांवरील संजीवनी ठरलें. अमेरिकेंत रेडियमयुक्त पाण्याच्या लहान बाटल्या 'रेडिथॉर' ह्या नांवानें शक्तिवर्धक म्हणून विकल्या जात. पिट्सबर्गचे धनाढ्य कारखानदार एबेन बायर्स यांनीं हाताच्या दुखापतीनंतर तें पाणी पिण्यास आरंभ केला, आणि कांहीं वर्षांत सुमारें १,४०० बाटल्या रिचविल्या. त्यांच्या जबड्याचीं हाडें झडूं लागलीं, आणि १९३२ सालीं अत्यंत हाल होऊन ते वारले. त्या औषधांत भेसळ नव्हती, हेंच त्यांचें दुर्दैव. बाटलीवर लिहिल्याप्रमाणें तींत खरोखरीच रेडियम होतें.

न्यू जर्सी प्रांतांतील ऑरेंज ह्या गांवीं घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देण्याच्या कामावर तरुण मुली असत. कुंचल्याचें टोक ओठांनीं अणकुचीदार करावें, अशी त्यांना शिकवण होती. रंग निरुपद्रवी आहे असें त्यांना सांगण्यांत आलें होतें, आणि त्यांनींहि तें खरें मानलें. पुढें त्यांतील अनेकींना जबड्याचे व हाडांचे असाध्य रोग जडले. पांच जणींनीं कारखान्यावर फिर्याद केली, आणि १९२८ सालीं तिच्यांत तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. तोंवर त्यांच्या आयुष्याचा नाश झालेला होता.

तिसरें उदाहरण तर जोड्यांच्या दुकानांतलें आहे. १९२० नंतर अमेरिकेंत, आणि पुढें इंग्लंडांतहि, जोडा पायाला नीट बसतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दुकानांत क्ष-किरणांचीं यंत्रें आलीं. लांकडी पेटींत पाय घालावयाचा आणि वरच्या झरोक्यांतून आपल्याच बोटांचीं हाडें पाहावयाचीं, हा मुलांचा आवडता खेळ झाला. १९५० च्या सुमारास एकट्या अमेरिकेंत अशीं सुमारें १०,००० यंत्रें होतीं. तीं वापरण्यास पेनसिल्व्हेनिया राज्यानें प्रथम १९५७ सालीं बंदी केली. म्हणजे क्ष-किरणांनीं हात भाजून, बोटें गमावून कित्येक डॉक्टर व संशोधक मेले, त्यानंतर अर्ध्या शतकानें. आईबाप मुलांना हौसेनें त्या पेटीपाशीं नेत होते. त्यांच्या मनाला भीतीचा स्पर्शहि झाला नव्हता.

आणि ह्याच काळांत भय कशाचें होतें म्हणाल, तर रेडिओचें! १९२० नंतरच्या दशकांत युरोप-अमेरिकेंतील वृत्तपत्रांतून तक्रारी येत कीं, ध्वनिक्षेपणाच्या लहरींनीं हवामान बिघडलें, कोठें पाऊस अति झाला, कोठें पडेनासा झाला. एका घरांत रेडियमचें पाणी औषध म्हणून प्राशन केलें जात आहे, आणि शेजारच्या घरांत रेडिओच्या तारेकडे संशयानें पाहिलें जात आहे, असें हें विलक्षण चित्र होतें. लोकांचा विश्वास आणि लोकांची भीति, दोन्ही एकाच कारणानें चुकलीं. कशापासून किती किरण निघतात, आणि शरीर किती सोसूं शकतें, हें कोणीं मोजून त्यांच्यापुढें ठेवलेंच नव्हतें.

तें मोजमाप सामान्य माणसाच्या दिवाणखान्यापर्यंत केव्हां पोंचलें? त्याची कथा बोधप्रद आहे. मे १९६७ मध्यें जनरल इलेक्ट्रिक ह्या अमेरिकन कंपनीनें जाहीर केलें कीं, आपल्या मोठ्या पडद्याच्या रंगीत दूरचित्रवाणी संचांपैकीं पुष्कळांतून, कारखान्यांतील चुकीमुळें, प्रमाणाबाहेर क्ष-किरण निघत आहेत. दोषी संचांची संख्या लक्षाच्या घरांत होती. क्ष-किरण येथें कोठून आले, असें कोणीहि विचारील. त्या काळच्या रंगीत संचांत इलेक्ट्रॉनांना सुमारें २५,००० व्होल्टांच्या दाबानें पळविलें जाई. इतक्या वेगानें जाणारा इलेक्ट्रॉन धातूवर आदळला म्हणजे क्ष-किरण उत्पन्न होणें क्रमप्राप्तच होतें. पडद्याची जाड कांच त्यांना अडवी. परंतु विजेचा दाब आवरणाऱ्या एका नळीभोंवतींचें आवरण सदोष राहिल्यामुळें ते तेथून निसटत.

अमेरिकेच्या मुख्य सरकारी आरोग्याधिकाऱ्यानें संचापासून निदान सहा फूट दूर बसावें असा सल्ला दिला. आईबापांत खळबळ माजली. आणि ही खळबळ निराधार नव्हती. ह्या प्रसंगीं अज्ञानी समजले जाणारे लोक बरोबर होते. विशेष हें कीं, तेथील कायदेमंडळानें त्यांना "घाबरूं नका" एवढेंच सांगून बोळविलें नाहीं. चौकशी झाली, साक्षी झाल्या, संच मोजले गेले, आणि १८ ऑक्टोबर १९६८ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं किरणोत्सर्ग नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. विजेवर चालणाऱ्या व किरण बाहेर टाकणाऱ्या सर्व वस्तु त्या कायद्याच्या कक्षेंत आल्या. दूरचित्रवाणी संचाच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर तासास अर्ध्या मिलिराँटगेनपेक्षां अधिक क्ष-किरण आढळतां कामा नयेत, अशी मर्यादा ठरली. काचेंत व नळ्यांत सुधारणा झाल्या, आणि थोड्याच वर्षांत हें भय ओसरलें. आपल्याकडे दूरचित्रवाणी घरोघरीं पोंचली तेव्हां मुलांना "लांब बसा, डोळे बिघडतील" अशी ताकीद मिळे. क्ष-किरणांची चिंता मात्र बहुतेक घरांत उरली नव्हती.

त्याच कायद्याच्या कचाट्यांत दुसरें एक यंत्र सांपडलें, तें म्हणजे मायक्रोवेव्हची भट्टी. हिचा जन्म युद्धांतला. १९४० सालीं बर्मिंगहॅम विद्यापीठांत जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनीं शत्रूचीं विमानें शोधणाऱ्या रडारसाठीं एक जोरदार नळी तयार केली. १९४५ च्या सुमारास अमेरिकेंतील रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर अशाच नळीजवळ उभे असतां त्यांच्या खिशांतील मिठाई वितळली, आणि त्यांतून अन्न शिजविण्याची कल्पना निघाली. १९४७ सालची पहिली भट्टी जवळजवळ सहा फूट उंच आणि ३४० किलोग्रॅम वजनाची होती. ओट्यावर मावेल अशी घरगुती भट्टी १९६७ सालीं बाजारांत आली. म्हणजे दूरचित्रवाणीच्या क्ष-किरणांनीं लोक भयभीत झालेले असतांनाच तिचें आगमन झालें. साहजिकच लोकांनीं दोहोंना एकाच तागडींत घातलें.

परंतु दोहोंत महदंतर होतें. भट्टींतील लहरी बिनतारी जातीच्या, सुमारें १२ सेंटिमीटर लांबीच्या. त्या अन्नांतील पाण्याचे रेणू हालवून तें तापवितात, त्यास किरणोत्सर्गी करीत नाहींत. दिवा मालवल्यावर खोलींत उजेड शिल्लक राहत नाहीं, त्याप्रमाणें कळ बंद होतांच ह्या लहरीहि शिल्लक राहत नाहींत. दाराच्या कांचेंत जी छिद्रांची धातूची जाळी दिसते, तिचीं छिद्रें एवढ्या लांब लहरीला फार लहान पडतात. प्रकाशाला मात्र तीं पुरेशीं असतात, म्हणून आंतलें अन्न आपणांस दिसतें. तथापि दार नीट न लागल्यास लहरी बाहेर येऊन भाजण्याचा संभव होता. यास्तव १९७१ च्या नियमानें ठरविलें कीं, नव्या भट्टीपासून ५ सेंटिमीटरवर एका चौरस सेंटिमीटरास १ मिलिवॉटपेक्षां, आणि वापरांतील भट्टीपासून तिच्या सर्व आयुष्यांत ५ मिलिवॉटपेक्षां अधिक गळती असतां नये. शिवाय दार उघडतांच ती बंद पाडणाऱ्या दोन स्वतंत्र कळा असाव्यात.

एवढ्यानेंहि सर्वांचें समाधान झालें नाहीं. १९७३ सालीं अमेरिकेंतील कन्झ्यूमर्स युनियन ह्या ग्राहकांच्या संस्थेनें ह्या भट्ट्या तपासून कोणतीच विकत घेण्याची शिफारस केली नाहीं. दीर्घकाल अल्प प्रमाणांत होणाऱ्या परिणामांविषयीं पुरेसा पुरावा नाहीं, असें तिचें म्हणणें पडलें. हा विरोध तेढीचा नव्हता, हिशेबाचा होता, आणि त्याचा उपयोगच झाला. दारांची व पट्ट्यांची रचना सुधारली. १९७५ पर्यंत अमेरिकेंत ह्या भट्ट्यांचा वार्षिक खप गॅसच्या चुलींपेक्षांहि अधिक झाला.

मग ह्याच सुमारास मायक्रोवेव्हचें भय पुन्हां कां उसळलें? त्याचें कारण स्वयंपाकघरांत नव्हतें. तें मॉस्कोंत होतें. तेथील अमेरिकन वकिलातीच्या इमारतीवर सोव्हिएट बाजूकडून मायक्रोवेव्हचा झोत सोडला जात असल्याचें अमेरिकन सरकारला अनेक वर्षें ठाऊक होतें. इमारतींत राहणाऱ्या नोकरांना व त्यांच्या कुटुंबांना मात्र तें १९७६ सालापर्यंत सांगण्यांत आलें नाहीं. बातमी फुटतांच संताप झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे एब्राहम लिलिएनफेल्ड यांनीं वकिलातींत राहिलेल्यांची पाहणी करून १९७८ सालीं अहवाल दिला, आणि त्या झोतामुळें अपाय झाल्याचा पुरावा आढळला नाहीं असा निष्कर्ष काढला. पण ज्या सरकारनें झोत लपविला, त्याच सरकारनें करविलेल्या पाहणीवर लोकांनीं भरंवसा कसा ठेवावा? त्यांतच सोव्हिएट देशाची मर्यादा अमेरिकेच्या मर्यादेहून हजारपट कडक आहे, हेंहि लोकांना कळलें. पॉल ब्रोडर या पत्रकारानें १९७६ सालीं ह्या विषयावर लेख लिहिले आणि १९७७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य आरोप लपवालपवीचाच होता. झोतानें जितकें भय निर्माण केलें नसतें तितकें मौनानें केलें.

पुढें १९९३ च्या जानेवारींत मोबाइलची पाळी आली. अमेरिकेंतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमांत एका गृहस्थानें सांगितलें कीं, माझी पत्नी मेंदूच्या गांठीनें वारली, आणि तिच्या मोबाइलमुळेंच ती गांठ झाली. न्यायालयांत तें सिद्ध झालें नाहीं. परंतु एका दुःखी माणसाचे शब्द जगभर गेले. येथें प्रश्न खरोखर बिकट होता. मेंदूची गांठ हा विरळा रोग आणि मोबाइल हें सार्वत्रिक यंत्र. तेव्हां एका घरच्या अनुभवावरून निर्णय करणें अशक्य होतें. लक्षावधि माणसांची दीर्घकाल नोंद ठेवणें हाच एक मार्ग होता, आणि शास्त्रज्ञांनीं तो पत्करला.

३१ मे २०११ रोजीं कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें ह्या लहरींना 'कर्करोगजनक असण्याची शक्यता' ह्या गटांत घातलें, आणि पुन्हां खळबळ उडाली. वास्तविक ते गट धोका किती मोठा हें सांगत नाहींत. पुरावा कितपत पक्का आहे एवढेंच सांगतात. त्याच गटांत आशियांतील परंपरागत लोणच्याच्या भाज्याहि होत्या. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें सोंपविलेल्या एका मोठ्या समीक्षेंत ६३ अभ्यास एकत्र पाहिले गेले. २०२४ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसून येत नाहीं, दहा वर्षें व अधिक वापरणारांतहि नाहीं. मोबाइल सर्व जगांत पसरूनहि मेंदूच्या गांठींचें प्रमाण त्या मानानें वाढलें नाहीं, हीहि साक्ष त्याच बाजूची आहे.

आतां आपल्या घराकडे येऊं. २०१० च्या सुमारास दक्षिण मुंबईंतील एका उंच इमारतींत कर्करोगाचे कांहीं रोगी निघाले, आणि समोरच्या गच्चीवरील मोबाइलच्या अँटेनांकडे बोट दाखविलें गेलें. ज्या घरांत असें दुःख येतें त्याला कारण हवें असतें, आणि खिडकींतून समोर दिसणारें लोखंड हें कारण म्हणून हाताशींच असतें. परंतु कर्करोग हा दुर्मिळ रोग नव्हे, आणि मुंबईसारख्या शहरांत इमारती हजारों आहेत. त्यांपैकीं कांहींत केवळ योगायोगानेंहि रोगी अधिक निघावयाचेच. भिंतीवर आधीं गोळी झाडावयाची आणि मग तिच्या खुणेभोंवतीं वर्तुळ काढून नेम अचूक म्हणावयाचा, तसा हा पुरावा होतो.

ह्यांत एक विचित्र गोष्ट अशी कीं, मनोरा दूर गेला म्हणजे लहरी कमी होतात असें नव्हे. मोबाइल आपली शक्ति गरजेप्रमाणें कमीजास्त करतो. मनोरा जवळ असला तर तो हळू बोलतो, दूर असला तर त्याला ओरडावें लागतें. आणि तो ओरडतो तो आपल्या कानाला लागून. म्हणून घरापासून मनोरे हांकलून लावण्याच्या चळवळीनें डोक्यास लागणाऱ्या लहरी वाढण्याचाच संभव अधिक.

भारत सरकारनें १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगानें सुचविलेल्या मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींकरितां ती दर चौरस मीटरास ०.४५ वॉट इतकी झाली. तुलनेकरितां सांगावयाचें तर भर दुपारचें ऊन दर चौरस मीटरास सुमारें १,००० वॉट इतकी ऊर्जा आणतें. केवळ मर्यादा कडक केल्यानें भय गेलें काय? नाहीं गेलें. कित्येकांनीं तर असा तर्क केला कीं, ज्या अर्थीं सरकार मर्यादा खालीं आणतें, त्या अर्थीं धोका असलाच पाहिजे! मला ह्याहून महत्त्वाची वाटते ती २०१७ सालची 'तरंग संचार' ही योजना. तिच्यांत नागरिकाला आपल्या जवळच्या मनोऱ्याची माहिती पाहण्याची, आणि ४,००० रुपये भरून तेथील लहरी मोजवून घेण्याची सोय झाली. मर्यादा ही राज्यकर्त्यांनीं दिलेली हमी असते. मोजणी मात्र नागरिकाच्या स्वतःच्या हातचें साधन होय.

मोजणीऐवजीं अफवेनें कारभार हातीं घेतला म्हणजे काय होतें, हें कोरोनाच्या सांथींत दिसलें. एप्रिल २०२० मध्यें इंग्लंडांत पांचव्या पिढीच्या मोबाइल लहरींनींच सांथ पसरते ह्या समजुतीनें मनोरे जाळण्यांत आले. रोगी, डॉक्टर व आप्तेष्ट यांना जोडणारा धागा हा दूरध्वनीच असतांना लोकांनीं तोच तोडला. पुढील वर्षीं भारतांतहि तीच अफवा उठली. मे २०२१ मध्यें सरकारी दूरसंचार खात्यास खुलासा करावा लागला कीं, ह्या लहरींचा व सांथीचा कांहीं संबंध नाहीं, आणि त्यांच्या चाचण्या देशांत अद्याप कोठेंहि सुरूच झालेल्या नाहींत. जी वस्तु अस्तित्वांत नव्हती तिनें माणसें मारल्याचा आरोप झाला!

कांहीं माणसांना वायफायजवळ बसलें कीं डोकें दुखतें, झोंप लागत नाहीं, अंगाची आग होते. त्यांची थट्टा करणें क्रूरपणाचें होईल, कारण त्यांचे क्लेश खरे असतात. परंतु लहरी चालू आहेत कीं बंद आहेत हें त्यांना अथवा प्रयोग करणाऱ्यालाहि न कळूं देतां अनेक प्रयोग झाले. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेंत अशा ३१ प्रयोगांतील ७२५ माणसांची नोंद आहे. लहरी चालू आहेत कीं नाहींत हें त्यांना ओळखतां येत असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाहीं. खोट्या लहरींनींहि त्यांना तोच त्रास झाला. अर्थात् दुःख खरें, पण त्याचें कारण दुसरें. अशा माणसाला यंत्र काढून टाकण्याचा सल्ला देऊन आपण त्याला बरें करीत नाहीं. त्याच्या खऱ्या विकाराकडे वैद्याचें लक्ष जाण्याचें मात्र लांबणीवर टाकतों.

ह्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासाकडे एकत्र पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, भीति अथवा निर्भयता ह्यांपैकीं एकहि सत्याची खूण नव्हे. रेडियमचें पाणी पिणारे बायर्स निर्भय होते. पेटींत पाय घालणारीं मुलें निर्भय होतीं. १९६७ सालीं घाबरलेल्या माता बरोबर होत्या. २०२० सालीं मनोरे जाळणारे चूक होते. दोघांच्याहि मनांतील कळवळा एकच असेल. फरक इतकाच कीं, एका ठिकाणीं मोजलेला आंकडा होता, दुसऱ्या ठिकाणीं नव्हता.

म्हणून कोणीं नव्या यंत्राचें भय घातलें, अथवा कोणीं तें निर्धोक असल्याची ग्वाही दिली, तर दोघांनाहि आपण तेच तीन प्रश्न विचारावेत. हे किरण कोणत्या जातीचे, मोडतोड करणारे कीं केवळ तापविणारे? ते किती आहेत, आणि कोणीं मोजले? मोजणारा विकणाऱ्यापासून स्वतंत्र आहे काय, आणि त्याचे आंकडे सर्वांपुढें उघडे आहेत काय? ज्यास ह्यांचीं उत्तरें देतां येत नाहींत, त्याच्या भीतीवरहि विसंबूं नये आणि आश्वासनावरहि विसंबूं नये. ऑरेंज गांवच्या मुलींना हे प्रश्न विचारण्याची संधि कोणीं दिली असती, तर त्यांपैकीं कित्येकजणी आपल्या नातवंडांचीं मुखें पाहून मेल्या असत्या.